सँडरलिंग नावाची गाडी

मी, कुमारी एनिड मेरी बेलिस, वय सदुसष्ट, पूर्वीचा धंदा मोटारींच्या बिल्ल्यांचे मिनाकाम, सध्या घरीच, राहणार १९ पॉपलर रोड, अर्ल्सडन, कॉव्हेंट्री, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी माझ्या फुप्फुसांबद्दल सांगायचे ते सांगून टाकले आहे, पण डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. मला कोणी फूस लावलेली नाही आणि धाक घातलेला नाही. धाक घालणारी एकच व्यक्ती होती, ती माझी आई, आणि ती लंडन रोडच्या दफनभूमीत पंचवीस वर्षे पडून आहे.

याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. लंडन रोडच्या कबरीत माझे वडील आणि आई आहेत, आणि अजून एका माणसाची जागा आहे. कबरीचा हक्क माझ्या नावावर आहे. ती जागा माझा भाऊ विल्फ याला कधीही द्यायची नाही, असे वचन आईने मरताना माझ्याकडून घेतले होते. आधीच्या मृत्युपत्रात मी ते पाळले होते. या वेळी काय करायचे ते खाली येईलच. आधी घरदार आणि किरकोळ गोष्टी उरकून घेते, म्हणजे तेवढे तरी नीट लिहून होईल.

कलम पहिले. माझ्या पश्चात सगळी व्यवस्था मार्जरी पिक्टन हिने पाहावी. बिल्ल्यांच्या कारखान्यात ती माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. ती बोलते फार, पण एकदा हातात घेतलेले काम ती लांबवत नाही. वकिलांनी तिला घाई करू नये आणि तिने वकिलांना आपल्या गुडघ्यांची हकिकत सांगू नये.

कलम दुसरे. हे घर विकावे आणि जे येईल ते माझा थोरला भाऊ विल्फ्रेड बेलिस याच्या देखभालीसाठी ठेवावे. तो केनिलवर्थच्या वृद्धाश्रमात आहे. त्याला खिडकीजवळची खोली मिळाली आहे, ती कोणी बदलू नये. त्याच्या पश्चात जे उरेल ते मार्जरीचे. बँकेत जे काही असेल तेही याच कामी लावावे. तिथे फार काही सापडणार नाही, तेव्हा कोणी आशेने जाऊ नये.

कलम तिसरे. माझी हत्यारे, म्हणजे अकीकाचा खल, दोन पाती, चिमटे, घासायचे दगड आणि हंसाच्या पिसांची जुडी, मार्जरीने घ्यावीत. ती म्हणेल, "अगं, मी आता कुठे भट्टी पेटवणार?" पेटवू नये. पण ही हत्यारे जुन्या बाजारात गेलेली मला आवडणार नाहीत. आमचे काम असे होते की रंगीत काच कुटायची, पाण्यात खलायची, पिसाच्या टोकाने बिल्ल्याच्या खोबणीत भरायची आणि भाजायची. तांबडा रंग क्षणभर जास्त भाजला तर काळा पडतो. माझा तांबडा कधी काळा पडला नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठेही ते लिहिलेले नाही.

कलम चौथे. पलंगाखालच्या बिस्किटांच्या डब्यात टाकाऊ बिल्ले आहेत. कुठे टवका उडालेला, कुठे रंग पाझरलेला. असे बिल्ले घरी न्यायची आम्हाला मुभा होती. शहरातल्या मोटारींच्या संग्रहालयाला हवे असतील तर द्यावेत, पण त्यांच्यासोबत नावांचे अर्थही द्यावेत. नावांवाचून ते नुसते पत्र्याचे तुकडे आहेत.

नावांचे मला जे काही कळते ते विल्फमुळे. हार्नल मोटर कंपनीच्या विक्री खात्यात नावे पाहण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि रविवारच्या चहाला तो सगळ्या देशाच्या गाड्यांची बारशी आमच्या टेबलावर मांडायचा. मॉरिसवाल्यांनी गाडीला ऑक्सफर्ड म्हटले कारण ते त्यांचे गाव, आणि काउली म्हटले कारण कारखाना तिथे. ऑस्टिनवाले परगणे घेऊन बसले, डेव्हन काय नि सॉमरसेट काय. आई म्हणायची, "यांना पोस्टमन नेमा, सगळे पत्ते पाठ आहेत." हिलमनची मिंक्स म्हणजे आगाऊ, नखरेल पोरगी. हंबरचा स्नाइप म्हणजे पाणलावा पक्षी, आणि त्याहून मोठी गाडी काढली तर तो झाला सुपर पाणलावा. यावर क्लेम, म्हणजे आमचा धाकटा, इतका हसायचा की चहा नाकातून यायचा. युद्ध संपल्यावर स्टँडर्डने व्हॅनगार्ड काढली, ती लढाऊ जहाजाच्या नावावरून. ट्रायम्फची मेफ्लॉवर अमेरिकेत खपावी म्हणून तिकडे वसायला गेलेल्या जुन्या यात्रेकरूंच्या जहाजाचे नाव घेऊन आली, असे विल्फ सांगायचा. पण तोवर ऐकायला क्लेम नव्हता.

विल्फची नाव पारखायची एक रीत होती. तो मागच्या अंगणात उभा राहून ते मोठ्याने ओरडायचा, पोराला जेवायला हाक मारावी तसे. पावसात, वाऱ्यात, कुत्री भुंकत असताना जे नाव गल्लीच्या टोकाला स्पष्ट ऐकू जाईल ते पास. हार्नलच्या सगळ्या गाड्या पक्ष्यांच्या नावाच्या असत. त्यामुळे आमच्या गल्लीला वर्षानुवर्षे पक्ष्यांच्या नावाने हाका ऐकू येत. "टील! प्लव्हर!" आणि लहानपणी क्लेम प्रत्येक वेळी धावत यायचा, "आलो, आलो!" म्हणत.

त्या धंद्यात अशी पद्धत होती की नाव ठरले की मोटार कारखानदारांच्या संघाकडे त्याची नोंद करायची. एकदा ते तुमच्या नावे लागले की दुसऱ्या कोणाला ते घेता येत नसे. पण तुम्ही ते वापरायचे थांबवले की काही काळाने ते मोकळे होई आणि मागेल त्याला मिळे. हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

कलम पाचवे. शेजारचे मिस्टर हॅरल्ड कोप यांना मी काहीही ठेवलेले नाही. त्यांची शिडी माझ्या शेडमध्ये आहे, ती त्यांनी घेऊन जावी. काही न मिळाल्यामुळे ते या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून चालतात, एवढा त्यांचा उपयोग आहे. सही करावी, वाचू नये. त्यांनी काय केले ते पुढच्या कलमात आहे.

कलम सहावे. बैठकीतल्या शेल्फावरचा आमचा धाकटा भाऊ क्लेमंट याचा फोटो विल्फच्या खोलीत, त्याला पलंगावरून दिसेल असा ठेवावा.

क्लेम अठराव्या वर्षी व्यापारी जहाजावर स्वयंपाकघरात भांडी घासायला लागला. त्या मालकांची जहाजे किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या नावाची होती. त्याच्या जहाजाचे नाव सँडरलिंग. सँडरलिंग हा करड्या-पांढऱ्या रंगाचा मूठभर पक्षी. लाट मागे सरली की तिच्या मागे धावतो आणि लाट आली की तिच्या पुढे पळत सुटतो. पाय भिजतात तेवढेच, लाट त्याला गाठत नाही. क्लेमने पत्रात हेच लिहिले होते, "आई, नाव शुभ आहे, काळजी करू नकोस." बेचाळीसच्या नोव्हेंबरात अटलांटिकमध्ये ते जहाज बुडवले गेले. कोणीही वाचले नाही.

आईने कबरीच्या दगडावर त्याचे नाव कोरू दिले नाही. "त्याला पाण्यानं नेलं," ती म्हणाली, "दगडाला त्याचं काय?" घरात त्या जहाजाचे नाव कोणी घेत नसे. कोणी घ्यायचे नाही असे ठरले नव्हते, पण घेत नसे.

त्रेपन्न साली माझ्या बाकावर हार्नलच्या नव्या गाडीच्या बिल्ल्याचे काम आले. बाजारात येईपर्यंत नाव गुप्त ठेवत, म्हणून आमच्याकडे नुसते चित्र आणि नंबर येई, अक्षरे दुसरीकडे ओतली जात. निळी लाट आणि तिच्या कडेला एक करडा पक्षी. हार्नलचा आणखी एक पक्षी, एवढेच मला वाटले. पक्ष्याच्या पोटाचा पांढरा नीट उठेना म्हणून मी तो पुन्हा पुन्हा भाजला.

गाडी दाखवायच्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना कारखान्यात चहाला बोलावले होते. विल्फने आईला पहिल्या रांगेत बसवले. तिने चांगली हॅट घातली होती. मग साहेबांनी तिलाच पुढे बोलावून गाडीवरच्या कापडाची दोरी तिच्या हातात दिली. तिने ओढली. टाळ्या झाल्या. बॉनेटवर माझा पक्षी होता आणि त्याच्या शेजारी चकचकीत अक्षरांत ते नाव.

आई बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "ही कल्पना कोणाची?"

"माझी, आई," विल्फ म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "आपल्या क्लेमसाठी. आता त्याला कोणी विसरणार नाही."

"मी विसरले होते का?" आई म्हणाली, आणि तिने माझ्याकडे कोट मागितला.

तेवढे एकच नाव विल्फने आमच्या अंगणात कधी ओरडून पाहिले नव्हते. का, ते मला त्या दिवशी समजले. त्याला आईला चकित करायचे होते. तो वाईट माणूस नव्हता. गाड्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला गाडीपेक्षा मोठे स्मारक सुचत नाही, इतकेच.

त्यातून ती गाडी निघाली गळकी. पाऊस पडला की पायाशी तळे साचायचे. एकदा आई बाजाराची पिशवी घेऊन बसथांब्यावर उभी असताना समोर एक सँडरलिंग बंद पडली, आणि मिस्टर कोप सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "बुडाली रे बुडाली! सँडरलिंग परत बुडाली! बायका-पोरांना आधी उतरवा!" सगळा थांबा हसला. कोपना आमचे ठाऊक नव्हते, हे मला मान्य आहे. मी सांगितल्यावर त्यांनी "मला काय स्वप्न पडलं होतं का?" एवढेच म्हटले, हे त्यांनी मान्य करावे.

त्यानंतर आई समोरच्या दाराने बाहेर पडली नाही. मागच्या बोळातून जायची आणि तिथूनच यायची. पलंगही मागच्या खोलीत हलवला. पण इंजिनाचा आवाज बोळातही येतोच. रस्त्यावर त्या गाड्या वाढतच गेल्या, आणि तिचे पोर रोज तिच्या दारावरून जात राहिले.

सत्तावन्न साली गाडीचे नवे रूप काढायचे ठरले. तेव्हा नाव बदलता आले असते. आई मला म्हणाली, "जा त्याच्याकडे. म्हणावं, आईनं आजवर काही मागितलं नाही. एवढं नाव काढ म्हणावं." मी गेले. विल्फ अंगणात आपली गाडी पुसत होता. आमच्याकडच्या पुरुषांना बोलायचे नसले की ते गाडी पुसतात.

"नाही काढता येणार," तो म्हणाला.

"का नाही? तुझ्या एका शब्दाचं काम आहे."

"नाही काढता येणार, एनिड. चहा घेणारेस का?"

"नको तुझा चहा. तिकडे आई मरतेय तुझी, आणि तू चाकं पुसत बस!"

तो चाके पुसत बसला. नवी गाडी त्याच नावाने निघाली. चार वर्षांनी आई गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने माझा हात धरला. "विल्फला माझ्याशेजारी घालू नकोस. त्यानं माझ्या पोराला रस्त्यावर आणलं. शब्द दे." मी दिला. दफनाच्या वेळी विल्फ फाटकाबाहेर उभा राहिला. मी त्याला आत बोलावले नाही, आणि पुढे चोवीस वर्षे आम्ही नाताळच्या कार्डापलीकडे गेलो नाही. त्याने लग्न केले नाही. हार्नल कंपनी मोठ्या कंपनीत विरघळली, सँडरलिंग गंजून भंगारात गेल्या, आणि आता ती गाडी कोणाला आठवतही नाही.

कलम सातवे. माझे दहन करावे आणि राख हन्स्टँटनच्या समुद्रकिनाऱ्यावर टाकावी. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी तिथे एकटी गेले होते आणि खरे सँडरलिंग पहिल्यांदा पाहिले. पन्नासेक असतील, सगळे एकदम लाटेच्या पुढे पळत होते. मी खूप रडले. मी भरलेला रंग बराचसा बरोबर होता. मार्जरीने यावे, उबदार कपडे घालावेत आणि भाषण करू नये.

कलम आठवे, कबर. गेल्या वर्षी केनिलवर्थहून फोन आला की मिस्टर बेलिस यांना आता काही आठवत नाही, नातेवाईक म्हणून तुमचेच नाव आहे. मी भांडायच्या तयारीनेच गेले. त्याने मला ओळखले नाही. मला तो ऑफिसातली मुलगी समजला. "बसा, मिस. आज कोणी नाव मागायला आलं होतं?"

त्याला वडिलांचे नाव आठवत नव्हते, सकाळी काय खाल्ले ते आठवत नव्हते. गाड्यांची नावे मात्र सगळी आठवत होती, अर्थासकट. दर गुरुवारी मी जाते, आणि दर गुरुवारी आम्ही नावांचे काम करतो. पहिल्या काही खेपांना मी ते एक नाव टाळले. मग एकदा राहवले नाही.

"टील?" मी विचारले.

"जुनं झालं. द्या कोणाला हवं असेल तर."

"प्लव्हर?"

"तेही द्या."

"सँडरलिंग?"

त्याने माझे मनगट धरले. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असे मला वाटले नव्हते. "ते नाही. ते आमच्या क्लेमचं आहे."

"पण मिस्टर बेलिस, नवी गाडी निघतेय. दुसरं नाव लावा की. तुमच्या आईचंही तेच म्हणणं आहे."

"आईला काय माहीत?" तो कुजबुजला. "नाव सोडलं की मोकळं होतं. ते कॅरॅव्हॅनवाले, गाडीमागे ओढायची चाकांची घरं करणारे, टपून बसलेत. दोनदा येऊन गेले. सुट्टीला जाऊन लोक त्यात बसून सँडविच खाणार, पत्ते कुटणार, आणि बाहेर आमच्या क्लेमचं नाव! मी आहे तोवर नाही मिळायचं."

"मग हे आईला का नाही सांगितलं?"

तो खिडकीकडे वळला. मला वाटले, आता विसरला. पण नाही. "सांगितलं असतं, तर ती रस्त्यावरची प्रत्येक कॅरॅव्हॅन वाचत बसली असती. तिला एक गाडीच पुरे झालीय. तुम्ही तिला सांगू नका हं, मिस. मला शिव्या घालू दे. चालतं मला."

मी घरी आले आणि कोट न काढता तशीच बसून राहिले. आईच्या शिव्या, माझा अबोला, फाटकाबाहेर उभे राहणे, सगळे त्याने मुकाट्याने घेतले, आणि ते नाव कोणी पळवू नये म्हणून तो ते एकटा धरून बसला होता. अजून बसला आहे. कंपनी नाही, गाडी नाही, आणि ते नाव कोणाला नकोही आहे. हे त्याला सांगायची हिंमत माझ्यात नाही.

म्हणून मी, एनिड बेलिस, पूर्ण विचारांती, लंडन रोडच्या कबरीतली उरलेली जागा माझा भाऊ विल्फ्रेड याला देते. त्याला आईच्या शेजारी ठेवावे. फाटकाबाहेर कोणी उभे असेल तर त्याला आत बोलवावे. आई, तुला दिलेला शब्द मी मोडला. तुला हे कळले असते तर तू तो घेतलाच नसतास, असे मला वाटते, पण खात्री नाही, आणि विचारायला तू नाहीस. दगडावर वडिलांच्या आणि आईच्या खाली विल्फचे नाव घालावे. क्लेमचे घालू नये. ते तिने घालू दिले नव्हते, आणि तिचा एकच शब्द मोडणे मला झेपते.

कलम नववे आणि शेवटचे. मी गेल्याचे विल्फला कळवू नये. बहीण गेली असे सांगितले तर त्याला बहीण होती हे आधी आठवावे लागेल, आणि मग लगेच ती गमवावी लागेल. माझ्या जागी दर गुरुवारी मार्जरीने जावे. तो तिला मिस म्हणेल, म्हणू द्यावे. नावे विचारावीत, अर्थ सांगू द्यावेत, घाई करू नये. निघायच्या आधी तो एकदा विचारतोच की सँडरलिंग मागायला कोणी आले होते का. तेव्हा त्याच्या डोळ्यांत बघून सांगावे, "आले होते, मिस्टर बेलिस. आम्ही दिलं नाही." हे ऐकल्याशिवाय तो चहाला हात लावत नाही.

वरील सर्व मजकूर माझा आहे, अक्षरही माझे आहे, आणि खाली नमूद दोघांच्या देखत मी सही करत आहे.

ठिकाण: कॉव्हेंट्री
तारीख: ४ नोव्हेंबर १९८६

(सही) एनिड मेरी बेलिस

साक्षीदार, दोघांनीही एकमेकांच्या आणि माझ्या समक्ष सही केली:
१. (सही) हॅरल्ड कोप, निवृत्त, २१ पॉपलर रोड
२. (सही) डोरीन फोक्स, औषधांच्या दुकानात नोकरी, अर्ल्सडन